सतरा फूट

कौन्सिलचा माणूस मंगळवारी आला,
बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून,
हातात पिवळी टेप.
आम्ही नऊ जण फाटकापाशी उभे,
लग्नाला लवकर पोचलेल्या पाहुण्यांसारखे,
कुणी कुणाकडे न बघता.

इद्वलचा टारान
गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलेला.
भुंकणारा चावत नाही म्हणतात.
हा भुंकायचाच नाही.
आधी पाटीच्या दगडांवरून साखळी घासत यायची
आणि मग तो.

हकिकत ज्याची त्याच्याकडे तयार होती.
मेरेरिदची पिंढरी, चार टाके:
मोजा खाली करून ती दाखवायची
दुकानात, दवाखान्यात,
एकदा तर चॅपलमध्ये, प्रार्थना चालू असताना.
पोस्टमन एम्रिसची विजार.
ग्लेनिसची नात, जी आता शाळेला
लॉऱ्यांच्या रस्त्याने जाते.
माझी फक्त पिशवी फाटली होती,
आणि खरं सांगायचं तर ती आधीच उसवलेली होती.
अर्जावर मी लिहिलं: हल्ला.
खाली सही, फोन नंबर.

इद्वल म्हणाला,
तुम्ही माझ्या कुत्र्याच्या घरातून चालता
आणि वर त्यालाच विचारता, तू इथे का?
मेरेरिद म्हणाली, वाट नकाशात आहे,
तुझ्या आजोबांनी कुरण घेतलं त्याच्याही आधीपासून.
खाणीवरची माणसं जायची इथून, पहाटे, कंदील घेऊन.
त्यांना काही चावायचं नाही, इद्वल म्हणाला,
ती गप्प चालायची.
कुणीतरी हसलं.
मीच असेन.

फेब्रुवारीतली गोष्ट कुणी काढली नाही.
कुंपणावरून कुणीतरी सॉसेज टाकलं होतं,
आत बारीक काच.
टारानने हुंगलं आणि सोडून दिलं.
इद्वलने ते बशीत ठेवलं,
बशी चॅपलच्या कठड्यावर,
आणि रविवारी सगळे बाहेर पडेपर्यंत
बाजूला उभा राहिला, टोपी हातात घेऊन.
पाऊस बशीत साचत होता.
आम्ही एकेक करून
त्याला "बोरे दा" म्हणत गेलो.

तर टेप.
खुंट्यापासून वाटेच्या कडेपर्यंत: सतरा फूट.
साखळी, ताणून: सतरा फूट.
माणसाने पुन्हा मोजलं.
टारान कुशीवर पडून
टेपचं टोक चाटत होता.
आणि मान? ग्लेनिसने विचारलं.
साखळी संपते तिथून पुढे
कुत्रा सुरू होतो ना?
माणसाने फॉर्म उलटापालटा केला.
मानेसाठी रकाना नव्हता.

सहा आठवड्यांनी पत्र आलं.
दोन पाट्या लागल्या, एक वेल्श, एक इंग्रजी,
आणि साखळीतून तीन फूट कमी झाले.
टारान त्या चौदा फुटांत बसून
उरलेल्या तिनांकडे बघायचा.

पुढच्या उन्हाळ्यात इद्वलला त्याच्या मुलीने रेक्समला नेलं.
कुत्र्याचं काय झालं,
याची तीन उत्तरं आहेत गावात
आणि तिन्ही सांगणारे एकमेकांशी बोलत नाहीत.
खुंटा आहे अजून.
त्याच्या समोर आली की वाट
जरा बाहेर जाते, चिखलात,
आणि पुढे परत सरळ होते.
परगावचे लोकही तशीच चालतात,
का ते त्यांना माहीत नाही.

परवा मेरेरिद आणि मी तिथून येत होतो,
दोघी चिखलातून.
पिंढरीवर आता पांढरी रेघ उरलीय, दाखवत नाही ती.
मधेच थांबून म्हणाली,
ते सॉसेज तू टाकलं होतंस?
नाही, म्हटलं.
ते खरं होतं.
ती बघत राहिली, नको तेवढं.

मी तिला उलट विचारलं नाही.
फाटक आलं. तिने ते
माझ्यासाठी धरून ठेवलं,
मी पुढे झाले,
आणि घरापर्यंत माझ्या मागे
तिची पावलं ऐकत राहिले.